दौत, लेखणी आणि केळकरांचा संग्रह

दौत, कलम, कलमदान, शाई, दप्तर ही लेखनाच्या बैठकीवरील नावे मराठीला फारसीवाटे मिळाली. त्यांतील पहिली दोन तर मुळात अरबी होत. शिवकाली रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचिला, तो अशा यावनी शब्दांस संस्कृत पर्याय देण्यासाठीच. त्याच्या दहा वर्गांत लेखनवर्ग हा एक स्वतंत्र वर्ग आहे. तथापि कारकुनाच्या पुढ्यातील दौत ही दौतच राहिली, आणि पुढे पेशव्यांच्या कागदपत्रांसही ‘दप्तर’ हेच नाव चिकटले.

हरपली ती वस्तू. फाउंटनपेन रुळल्यावर बोरू आणि दौत अडगळीत पडली. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजेच कवी ‘अज्ञातवासी’, यांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या यांजबरोबर नक्षीदार दौतीही जमविल्या. ढाली-तलवारींवर लुब्ध असणाऱ्यांस हा छंद क्षुल्लक वाटला असल्यास नवल नाही. बालवयात निवर्तलेल्या पुत्राच्या, राजाच्या, नावाने तो संग्रह पुण्यात संग्रहालयरूपाने उभा आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पुरोहिताच्या संस्कृतात दौतीचे मषीपात्र होते. यजमान मात्र वह्यांशेजारी जी मांडतो ती ‘दौत-लेखणी’: अर्धा समास अरबी, अर्धा संस्कृत.