आधी गळ्यात, मग वहीत

जून १९३९. फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये सरकारी लेखन-प्रकल्पासाठी लोकगीतांचं ध्वनिमुद्रण चाललेलं. मायक्रोफोनपुढची बाई रुळांवर काम करणाऱ्या मजुरांची गाणी खणखणीत आवाजात म्हणून दाखवते. ही गाणी कशी गोळा करता, असं विचारल्यावर ती सांगते : लोक गात असतात त्या गर्दीत शिरायचं, ऐकायचं, एखादी ओळ त्यांच्यासोबत ओढायची. सगळी कडवी पाठ झाली की त्याच लोकांना म्हणून दाखवायचं. 'जमलं' असं त्यांनी म्हटलं तरच ते गाणं आलं असं धरायचं.

ही झोरा नील हर्स्टन. मानववंशशास्त्राची पदवीधर, कादंबरीकार, आणि स्वतःचं वय दहा वर्षांनी कमी सांगणारी. १८९१ मध्ये अलाबामात जन्मलेल्या झोरानं वयाच्या सव्विसाव्या वर्षी शाळेत नाव घालण्यासाठी जन्मसाल १९०१ करून टाकलं. बालपण गेलं फ्लॉरिडातल्या ईटनव्हिलमध्ये. कृष्णवर्णीयांनी वसवलेलं, त्यांनीच चालवलेलं हे गाव. झोराचे वडीलही पुढे तिथले महापौर झाले. गावातल्या दुकानाच्या ओट्यावर पुरुषमंडळी एकाहून एक वरचढ थापा रंगवत. कामासाठी दुकानात धाडलेली पोर घरी उशिरा पोचे, यात नवल नाही.

१९२५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात आली. तिथं ती एकटीच कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. माणसाची बुद्धी वंशावर ठरते या समजाशी आयुष्यभर झगडणारे फ्रान्झ बोआस तिचे गुरू झाले. त्यांच्या अभ्यासासाठी मोजमापाचं विचित्र यंत्र घेऊन ती हार्लेमच्या रस्त्यांवर उभी राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी मोजू देण्याची विनंती करी. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर शिव्या खाल्ल्या असत्या, असं तिचा तेव्हाचा मित्र, कवी लँग्स्टन ह्यूज यानं पुढे लिहून ठेवलं.

पण लोककथा डोक्यासारख्या मोजून मिळत नाहीत. १९२७ मध्ये बोआसनी मिळवून दिलेल्या पाठ्यवृत्तीवर ती फ्लॉरिडाला गेली, सुसंस्कृत कॉलेजी उच्चारात 'आपल्याला लोककथा येतात का?' असं विचारू लागली, आणि लोक मान हलवून 'पलीकडच्या परगण्यात विचारा' म्हणू लागले. झोळी जवळपास रिकामीच राहिली. त्याच वर्षी एका नियतकालिकात तिचा कजो लुइस या वृद्धावर लेख आला. गुलामांना अमेरिकेत आणणाऱ्या अखेरच्या ज्ञात जहाजावरून १८६० मध्ये आलेल्यांपैकी हा एक. तो लेख बराचसा दुसऱ्या एका लेखिकेच्या पुस्तकातून उचललेला होता, हे १९७२ मध्ये एका भाषाशास्त्रज्ञानं उघडकीस आणलं. तोवर झोरा जाऊन बारा वर्षं झाली होती.

डिसेंबर १९२७ मध्ये शार्लट ऑसगुड मेसन या धनाढ्य गोऱ्या बाईंशी करार झाला. दरमहा २०० डॉलर, वर मोटार आणि कॅमेरा. बदल्यात गोळा होईल ते सगळं मेसनबाईंच्या मालकीचं. आजीच्या गोष्टींची मालकी अशी दरमहा पगारावर विकली जाताना पाहून आज चीड येते, पण झोराकडे दुसरा दाता नव्हता.

आता ती पोल्क परगण्यातल्या लाकूड-गिरणीच्या वस्तीवर राहायला गेली, सोबत पिस्तूल ठेवून. तिथल्या बायका पावणेदोन-दोन डॉलरचे, टपालानं मागवलेले झगे घालत. झोराच्या अंगावर पावणेतेरा डॉलरचा. दारात चकचकीत गाडी. लोकांना वाटलं, ही सरकारची गुप्तहेर. तिनं थाप ठोकली : मी चोरट्या दारूच्या धंद्यातली, पोलीस मागे लागलेत. लगेच ती आपल्यातली झाली. मग थापांच्या स्पर्धा, नाच, भांडणं. शेवटी मत्सरानं पेटलेली एक बाई सुरी घेऊन अंगावर आली, आणि बिग स्वीट नावाच्या दणकट मैत्रिणीनं तिला अडवलं म्हणून झोरा जिवंत सुटली.

'म्यूल्स अँड मेन' (१९३५) या पुस्तकात हे सगळं आहे, आणि तिचा खरा प्रयोग तोच. तेव्हाच्या संग्रहांत कथा क्रमांक लावून छापायची पद्धत होती, सांगणारा जणू नव्हताच. इथं कथा कोण कोणाला चिडवण्यासाठी सांगतंय, मध्येच कोण तोंड घालतंय, आणि संशोधकबाईनं काय खोटं सांगून जागा मिळवली, हे सारं कथेला चिकटूनच येतं. कथांमधले हे दुवे काही अंशी प्रकाशकाच्या आग्रहानं आले. झोरानं धास्तावून बोआसना पत्र लिहिलं की या 'अशास्त्रीय' भागामुळे प्रस्तावना नाकारू नका. त्यांनी प्रस्तावना दिली. पुस्तकाच्या उत्तरार्धात न्यू ऑर्लिन्समधली मांत्रिकांकडची दीक्षा आहे : तीन दिवसांच्या आसपास, नेमकं सांगायचं तर ६९ तास, उपाशी आणि विवस्त्र पडून राहायचं. तिनं ते केलं आणि लिहिलं.

पुढच्या पाठ्यवृत्तीवर ती जमैका आणि हैतीत गेली. हैतीत सात आठवड्यांत तिनं सर्वांत गाजलेली कादंबरी लिहिली, 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड'. तिथल्या अनुभवांवरचं 'टेल माय हॉर्स' (१९३८) मात्र फसलेलं वाटतं : हैतीवरच्या अमेरिकी ताब्याचं त्यातलं कौतुक आज वाचवत नाही. डॉक्टरेट तिनं पुरी केली नाही, कायमची नोकरी मिळाली नाही. १९५० मध्ये मायामीत ती घरकाम करत होती. १९६० मध्ये फोर्ट पियर्सच्या निराधारगृहात वारली, थडग्यावर दगडही नव्हता. तो १९७३ मध्ये लेखिका ॲलिस वॉकरनं बसवला.

उचललेल्या त्या लेखानंतर कजोकडे ती पुन्हा गेली होती. पीच, कलिंगडं, हॅम अशा भेटी घेऊन ती त्याच्या अंगणात बसे; कधी तो बोले, कधी 'आज बागेत काम आहे' म्हणून परत पाठवी. १९३१ मध्ये हस्तलिखित तयार झालं. एका प्रकाशकाची अट होती, म्हाताऱ्याची बोली काढून शुद्ध इंग्रजी घाला. झोरानं नकार दिला. ते पुस्तक, 'बॅराकून', २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, कजोच्या त्याच बोलीत.