स्टोनफ्लाय निम्फची प्रतिकृती : निरीक्षण आणि हस्तकौशल्य यांचा इतिहास

गळावर पिसे, लोकर व केस बांधून तयार केलेला कृत्रिम कीटक क्रीडासाहित्य म्हणून परिचित आहे. तथापि तो ज्ञानाच्या इतिहासाचेही साधन ठरू शकतो. बांधणाऱ्याने निसर्गात काय पाहिले आणि कोठे उभे राहून पाहिले, याची नोंद त्यात असते. या दृष्टीने स्टोनफ्लाय या कीटकाच्या पाण्यात राहणाऱ्या अपूर्णावस्थेच्या, म्हणजेच निम्फच्या, प्रतिकृतीचा इतिहास उद्बोधक आहे.

स्टोनफ्लाय थंड, वेगवान व प्राणवायूने समृद्ध प्रवाहांत वाढते. निम्फला दोन शेपट्या असून प्रत्येक पायास दोन नख्या असतात. पश्चिम अमेरिकेतील टेरोनार्सिस कॅलिफोर्निका या जातीचे निम्फ तीन ते चार वर्षे तळाच्या दगडांत काढतात, मग काठावर चालत येऊन कात टाकतात. पंखधारी कीटकाचे आयुष्य अल्प. ट्राउट माशाला निम्फ मात्र बारमाही उपलब्ध. असे असूनही कारागिरांचे लक्ष शतकानुशतके पंखांवरच खिळून राहिले.

१४९६ मध्ये इंग्लंडमध्ये छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरील पुस्तिकेत बारा कृत्रिम माश्यांची कृती आहे. त्यांत एप्रिल महिन्यासाठी स्टोनफ्लाय सांगितली आहे : अंग काळ्या लोकरीचे, पंख बदकाच्या पिसाचे. ही पंखधारी माशीच होय. १६७६ मध्ये चार्ल्स कॉटन याने या कीटकाचे वर्णन केले. पण तो कॅडिसच्या अळीपासून उत्पन्न होतो, असा त्याचा समज होता. काठावरून पाहणाऱ्याला पाण्याखालचे एवढेच कळणार. निम्फ कोणाला ठाऊक नव्हता असे मात्र नाही. डब्ल्यू. सी. स्टुअर्ट याच्या १८५७ च्या ग्रंथात स्कॉटलंडमध्ये 'क्रीपर' या नावाने तो जिवंतच गळाला लावण्याची रीत आढळते. दगड उलटला की आमिष हाती लागत असेल, तर त्याची प्रतिकृती बांधण्याची निकड कशी भासावी?

दक्षिण इंग्लंडमधील चुनखडीच्या संथ नद्यांवर वाद वेगळाच होता. फ्रेडरिक हॅलफर्डच्या अनुयायांना तरंगती माशीच काय ती शिष्टसंमत वाटे. व्यवसायाने वकील असलेल्या जी. ई. एम. स्क्यूज याने १९१० पासून ग्रंथांतून त्यास आव्हान दिले. पकडलेल्या ट्राउटच्या पोटातील कीटक चमच्याने काढून तो त्यांची रूपे न्याहाळत असे. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये या प्रश्नावर वादविवाद झाला. नदीरक्षक फ्रँक सॉयर याने पुढे फेझंटच्या शेपटीचे तंतू व तांब्याची तार यांपासून निम्फ बांधला आणि त्याला पाय मुळीच दिले नाहीत. कारण पोहताना निम्फ पाय अंगाशी घेतो. या नद्यांतील निम्फ प्रामुख्याने मेफ्लाय कीटकाचे असत. स्टोनफ्लायला दगडाळ पात्र हवे.

ते माँटानात होते. मिसूला येथे फ्रान्झ पॉट या केसांचे टोप विणणाऱ्या कारागिराने आपली विद्या माशीकडे वळवली आणि केसांच्या विणीचे पेटंट घेतले. ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावातील जॉर्ज ग्रँट (१९०६–२००८) याने हे कौशल्य पुढे नेले. स्टोनफ्लायचा निम्फ चपटा असतो, हे लक्षात घेऊन त्याने गळाच्या दांडीच्या दोन्ही बाजूंस टाचण्या बांधल्या, त्यावर चपट्या नायलॉनचे वेढे दिले व विणलेल्या केसांचे पाय जोडले. पाठ काळसर, पोट फिके. अशी माशी पाहताना ती कृत्रिम आहे याचा क्षणभर विसर पडावा.

नेमक्या याच सरळ समीकरणाला चार्ल्स ब्रुक्स याने धक्का दिला. हवाई दलातून निवृत्त झालेला हा गृहस्थ यलोस्टोन परिसरातील नद्यांत स्वतः पाण्याखाली उतरला. प्रवाहात सुटलेला खरा निम्फ गडगडत नाही. गळावरचा मात्र गरगरतो, आणि फिके पोट व काळी पाठ आळीपाळीने चमकताच ट्राउट बिचकतो, असे त्याचे निरीक्षण होते. म्हणून त्याने निम्फ सर्व बाजूंनी सारखाच बांधला : काळ्या लोकरीचे अंग, तांब्याच्या तारेचे वेढे, कल्ल्यांसाठी शहामृगाच्या पिसाचे तंतू. १९७६ च्या ग्रंथात त्याने ही भूमिका सविस्तर मांडली. ही माशी देखणी नाही. शरीररचनेच्या तपशिलात ती ग्रँटच्या माशीपुढे उणीच ठरते. पण गतीच्या बाबतीत तीच अधिक यथार्थ म्हणावी लागेल. विशेष म्हणजे हे ज्ञान वकील, नदीरक्षक, टोप विणणारा व निवृत्त अधिकारी यांनी स्वतःच्या हातांनी मिळवले. कीटकशास्त्राच्या इतिहासात त्यांना जागा मिळणे उचित ठरेल.

ग्रँटने उत्तरायुष्यात बिग होल नदीच्या रक्षणासाठी झटून १९८८ मध्ये प्रतिष्ठान उभारण्यात पुढाकार घेतला. पाणी तापले वा दूषित झाले, की प्रथम नाहीशा होणाऱ्या कीटकांत स्टोनफ्लायची गणना होते.