एट्रियल फिब्रिलेशन : कारणे आणि प्रक्रिया

हृदयाच्या ठोक्यांची लय दीर्घकाळ बिघडवणाऱ्या विकारांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन हा सर्वाधिक आढळणारा विकार आहे. पाश्चात्त्य देशांत तो प्रामुख्याने उतारवयाचा आजार मानला जातो. भारतात मात्र अनेक रुग्णांमध्ये त्याचे मूळ बालपणी झालेल्या घशाच्या संसर्गात असते.

निरोगी हृदयाचा प्रत्येक ठोका उजव्या अलिंदातील साइनस नोडमधून निघणाऱ्या विद्युत संदेशाने सुरू होतो. विश्रांतीच्या अवस्थेत असे संदेश मिनिटाला ६० ते १०० वेळा निघतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत संदेश उमटतात. त्यामुळे अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी केवळ थरथरतात. त्यांतील काहीच संदेश निलयांपर्यंत पोहोचत असल्याने नाडी अनियमित आणि बहुधा जलद लागते.

विकार उद्भवण्यास दोन गोष्टी कारणीभूत ठरतात : संदेशांचा उगम आणि ते टिकवून धरणारे अलिंद. अनेक रुग्णांत हे अवेळी संदेश फुप्फुस शिरांच्या मुखाशी निर्माण होतात, असे फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणे, अतिमद्यपान आणि थायरॉइडचा अतिस्राव यांमुळे धोका वाढतो. अलिंद ताणले गेले, त्यात तंतुमय ऊतक वाढले की विस्कळीत संदेश फिरत राहतात. विकार जितका काळ टिकतो, तितका तो अलिंदात अधिक रुजतो.

स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे होणाऱ्या घशाच्या संसर्गावर वेळीच उपचार न झाल्यास काही मुलांना रुमॅटिक ताप येतो. त्यातून पुढे मायट्रल झडप अरुंद होऊ शकते. रक्ताला वाट अपुरी पडून डाव्या अलिंदातील दाब वाढतो, ते फुगते आणि लय बिघडते. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०११-१२ मध्ये देशभरातील १,५३७ रुग्णांची नोंद केली. त्यांचे सरासरी वय सुमारे ५५ वर्षे होते आणि जवळपास निम्म्या रुग्णांना रुमॅटिक हृदयविकार होता.

थरथरणाऱ्या अलिंदात, विशेषतः डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या भागात रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. म्हणून अनेक रुग्णांना रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारी औषधे दिली जातात. रुमॅटिक हृदयविकारासह हा विकार असलेल्यांमध्ये वॉरफॅरिनसारखी जुनी औषधे रिव्हॅरोक्सॅबॅनपेक्षा सरस ठरल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आढळले.

काही रुग्णांना कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. मनगटावरील नाडी अनियमित लागल्यास ईसीजीद्वारे निदान निश्चित करता येते. मुलांच्या घशाच्या संसर्गावर वेळीच पेनिसिलिन दिल्यास, तसेच रुमॅटिक ताप येऊन गेलेल्यांना ते नियमित दिल्यास, झडपेची पुढील हानी टाळण्यास मदत होते.