कापलेलें नाक आणि कुंभाराचें कसब

नाक श्वासासाठीं खरें, परंतु मराठी बोलण्यांत त्यास अब्रूचा अर्थच अधिक आहे. कोणाचें नाक वर असतें, कोणाचें खालीं जातें; घरांतील एकाच्या वर्तनानें साऱ्या कुळाचें नाक कापलें जातें. हे नुसते वाक्प्रचार नव्हेत. जुन्या काळीं शिक्षा म्हणून किंवा सूड म्हणून नाक खरोखरच कापीत, आणि अशा माणसास समाजांत तोंड दाखविणें कठीण होई. या देशांत नाक घडविण्याची विद्या टिकली ती बऱ्याच अंशीं या दुष्ट चालीमुळें.

त्या विद्येची सर्वांत प्रसिद्ध हकीकत पुण्याजवळची आहे. कावसजी नांवाचा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हांकीत असे. (नांव पारशी वाटतें, पण हकीकत लिहिणारानें त्यास शेतकरी मराठा म्हटलें आहे.) १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आले. सुमारें वर्षभर तो तसाच वावरला. पुढें एका विटा पाडणाऱ्या जातीच्या माणसानें, म्हणजे बहुधा कुंभारानें, त्यास नवें नाक करून दिलें.

प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून आकार घेतला. तो सपाट करून कपाळावर ठेविला आणि भोंवतीं रेघ ओढली. रेघेच्या आंतील कातडें सोडविलें; मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेविली. सारें मर्म त्या पट्टींत आहे. तिच्यांतून रक्त वाहत राहतें, म्हणून कातडें मरत नाहीं. मग तें पिळा देऊन खालीं उतरविलें, खुंटाच्या कडेस चीर पाडून तींत बसविलें, आणि टांका न घालतां काथाचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्यांनीं चिकटविलें. चार दिवसांनीं तुपांत भिजविलेलें कापड आलें, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं मधला सांधा कापला. क्लोरोफॉर्म तेव्हां निघालेला नव्हता!

ही माहिती १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन' मध्यें चित्रासह छापली गेली. जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें प्रेतांवर सराव करून १८१४ सालीं लंडनमध्यें हीच क्रिया केली. सुश्रुतसंहितेंत गालाच्या कातड्यानें नाक करण्याची रीत आहे, आणि तिचा अभिमान आपल्या सभांतून पुष्कळ ऐकूं येतो. त्या कुंभाराचें नांव मात्र कोणी लिहून ठेविलें नाहीं.

कापलेलें नाक परत मिळविणें निराळें, आणि धडधाकट अवयवास शस्त्र लावून घेणें निराळें. बर्लिन येथें याक योझेफ या तरुण डॉक्टरानें १८९६ सालीं एका मुलाचे पुढें आलेले कान मागें बसविले. मुलास ऐकूं नीट येत होतें. वर्गांतील चेष्टेमुळें तो शाळेंत जाईना, एवढाच त्याचा रोग. या शस्त्रक्रियेपायीं योझेफची नोकरी गेली. दोन वर्षांनीं मोठ्या नाकामुळें चारचौघांत मिसळण्यास कचरणाऱ्या एका तरुणाचें नाक त्यानें लहान केलें. मनाचें हें दुःखही खरें दुःख होय, असें त्याचें मत होतें, आणि तें खोटें म्हणवत नाहीं. पण कान बदलले ते चिडविलेल्या मुलाचे. चिडविणारीं मुलें होतीं तशींच राहिलीं.

आज मनमाडहून गाडीनें मुंबईस जाऊन नाक नीट करून घेणें अवघड राहिलेलें नाहीं. स्थळ पाहण्यास आलेली मंडळी मुलीच्या नाकाविषयीं तिच्यादेखत बोलतात, आणि ती मुकाट्यानें ऐकून घेते. पुढें तिनें डॉक्टरांकडे धांव घेतली, तर तिला नटवी म्हणणारेही तेच असतात.