चिमटा, गंगावन आणि गोळी

पतंजलीच्या महाभाष्यात व्याकरणातल्या लिंगाची चर्चा चालू असताना एक जुनी व्याख्या येते. जिला स्तन आणि केस आहेत ती स्त्री, ज्याच्या अंगभर लव आहे तो पुरुष आणि या दोहोंच्या मधले, दोन्ही खुणा नसलेले ते नपुंसक. व्याकरणकारांनीच पुढे या व्याख्येची फिरकी घेतली आहे. असे मानले तर स्त्रीवेष घेणारा नट स्त्रीलिंगी ठरेल, आणि केसांनी भरलेले न्हाव्याचे दुकान पुल्लिंगी. थट्टा रास्त होती, पण लोकव्यवहारात ही व्याख्या टिकली ती टिकलीच. विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राहताना अर्जुनाला वेणी घालावी लागली. मराठी संगीत नाटकांतल्या स्त्रीपार्टी नटांनाही टोप आणि गंगावनाशिवाय रंगमंचावर पाऊल टाकता येत नसे. लिंग बदलायचे म्हणजे आधी केस बदलायचे, ही समजूत फार जुनी आहे. केस मात्र सांगितले तसे वागत नाहीत, आणि त्यांच्या या हट्टातूनच तृतीयपंथी समाजाच्या कितीतरी रूढी घडल्या.

त्यांतली सर्वांत साधी वस्तू म्हणजे चिमटा. हिजडा जमातीत दाढी वस्तऱ्याने करायची नाही, एकेक केस चिमट्याने उपटायचा, ही रीत संशोधकांनी वारंवार नोंदवली आहे. सेरेना नंदा यांच्या १९९० च्या पुस्तकात तिचे वर्णन आहे. वस्तऱ्याने केस कातडीच्या पातळीला कापला जातो आणि दुसऱ्याच दिवशी खुंट दिसू लागतात. मुळासकट उपटलेला केस परत यायला काही आठवडे लागतात. वर्षानुवर्षे तेच मूळ पुन्हा पुन्हा उपटले तर त्याचा जोर कमी होतो, कधी ते कायमचे निकामीही होते. डोक्यावरच्या केसांना याच जमातीत उलटी किंमत होती. गुरूचा मोठा अपराध करणाऱ्या चेल्याला दंड होई, आणि फारच गंभीर प्रकरणात त्याचे केस कापून त्याला जमातीबाहेर काढले जाई. ज्याने कमरेपर्यंत केस वाढवायला दहा वर्षे घालवली आहेत, त्याला याहून कडक शिक्षा दुसरी कोणती देणार?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या जोगत्यांची गोष्ट थोडी निराळी. सौंदत्तीच्या यल्लमाने ज्याला धरले त्याच्या केसांत जट येते, आणि ती जट म्हणजे देवीचे बोलावणे, असा समज. पुरुष म्हणून जन्मलेल्या जोगत्याला साडी नेसायला घरातून विरोध झाला, तर ही जटच त्याच्या बाजूने साक्ष देई. न विंचरलेले, तेल-मळाने चिकटलेले केस गुंतत जाऊन जट होते, एवढाच तिचा शारीरिक खुलासा. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात अनेक बायकांच्या जटा कापून त्यांची मान मोकळी केली, हे मोलाचेच काम. पण जोगत्याच्या बाबतीत जट हे ओझे होते तसे ओळखपत्रही होते, हे विसरून चालत नाही.

हिजडा जमातीत निर्वाणाचा, म्हणजे लिंग-वृषण छेदनाचा, विधी बहुचरा मातेच्या नावाने होई. दाई तो करी आणि त्यानंतर चाळीस दिवस एकांतात काढावे लागत. रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांमुळे त्यात जीव जाण्याचा धोका मोठा होता. जे वाचत त्यांच्या अनुभवात दोन गोष्टी ठरलेल्या असत. मिसरूड फुटण्याआधी ज्याचे निर्वाण झाले त्याला दाढी येत नसे. ज्याचे पंचविशीत झाले त्याची दाढी तशीच राही, म्हणून चिमटा सुटत नसे. मात्र मागे सरकत चाललेली कपाळावरची केसांची रेषा जिथे होती तिथेच थांबे. षंढांना टक्कल पडत नाही, हे ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या सूत्रांतही आहे. निरीक्षण दोन हजार वर्षांहून जुने, कारण मात्र विसाव्या शतकात कळले.

१९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वेगळे काढण्यात आणि प्रयोगशाळेत बनवण्यात यश आले. त्यानंतर १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने टकलावरचा आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडले नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस गळू लागले. औषध बंद करताच गळणे थांबले, पण गेलेले केस परत आले नाहीत. वंश आणि संप्रेरक दोन्ही जमून आल्याशिवाय हे टक्कल पडत नाही, हा हॅमिल्टनचा निष्कर्ष आजही उभा आहे.

पुढचा दुवा १९७४ मध्ये मिळाला. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही खेड्यांत मुली म्हणून वाढलेली मुले वयात येताना पुरुष होत. त्यांची दाढी विरळ राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक जोरकस संप्रेरकात करणारे एक विकर त्यांच्या शरीरात कमी होते. हेच विकर रोखणारे फिनास्टेराइड १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये टकलासाठी बाजारात आले.

एकच संप्रेरक गालावर केस उगवते आणि टाळूवरचे घालवते, हा केसांच्या शास्त्रातला सर्वांत चमत्कारिक भाग. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढतो, सुमारे तीन महिने विसावतो, मग गळून त्याच मुळातून नवा येतो. ज्यांची मुळे वंशाने संवेदनशील असतात त्यांच्यात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हा वाढीचा काळ दर फेरीला आखडत नेते. जाड केसाच्या जागी बारीक येतो, त्याच्या जागी लव, आणि शेवटी काहीच नाही. गालावरच्या मुळांना तोच संदेश उलटा पोचतो आणि लवेचा राठ केस होतो. एकदा राठ झालेले मूळ संप्रेरक काढून घेतल्यावरही सहसा मागे फिरत नाही. चाळीस दिवसांच्या एकांतानंतरही चिमटा हातात का राही, याचे उत्तर इथे आहे.

आजच्या उपचारांचे वेळापत्रकही याच नियमाने चालते. एस्ट्रोजेन आणि पुरुषी संप्रेरक दाबणारी औषधे सुरू केल्यावर ट्रान्स स्त्रीचे टाळूवरचे केस गळणे साधारण एक ते तीन महिन्यांत थांबते. अंगावरचे केस सहा महिने ते वर्षभरात बारीक होऊ लागतात, आणि हा बदल पुरा व्हायला तीन वर्षांहून अधिक लागतात. ज्या मुळांत अजून लव उरली आहे तिथे थोडी दाट वाढ परत येते. गुळगुळीत झालेल्या भागात येत नाही. तिथे केशरोपण नाही तर टोप. दाढीसाठी लेसर किंवा विजेने मूळ जाळणे हाच मार्ग आहे, आणि पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी पुष्कळ केस एकदम गळतात. तो शरीराला बसलेल्या धक्क्याचा परिणाम असतो आणि बहुधा आपोआप भरून निघतो.

ट्रान्स पुरुषाची वाट उलट्या दिशेने जाते. टेस्टोस्टेरॉनने सहा महिने ते वर्षभरात चेहऱ्यावर केस दिसू लागतात, पण दाढी भरायला चार-पाच वर्षे जातात. टक्कलही त्याच वाटेने येते, मात्र सर्वांना नाही. ते आजोळाकडून येते असा समज आहे आणि तो अर्धा खरा आहे. पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, पण ट्रान्स पुरुषाजवळ बहुधा दोन एक्स असतात आणि त्यांतला एक बापाचा. शिवाय इतरही अनेक जनुके यात हात घालतात. टक्कल रोखायला फिनास्टेराइड घ्यावे, तर दाढीची वाढ मंदावण्याची शक्यता. जुन्या जमातींमध्ये या माणसांना गुरू नव्हता की घराणे, त्यामुळे त्यांच्या केसांची रूढीही घडली नाही.

गुरूंच्या रूढी आणि डॉक्टरांचे वेळापत्रक यांच्या मधल्या काळात भारतात एक स्वस्त गोळी येऊन बसली. ती माला-डी. कुटुंबनियोजनासाठी आलेली ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळत असल्याने अनेक तृतीयपंथीयांनी डॉक्टरांना न विचारताच ती सुरू केली, कधी दिवसाला अनेक. पाकिटात २८ गोळ्या, त्यांतल्या ७ लोहाच्या, म्हणजे त्या दिवसांत संप्रेरक नाहीच. उरलेल्या २१ मध्ये एथिनिल एस्ट्रॅडिओल आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल. पहिल्याने, विशेषतः जास्त मात्रेत, रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. दुसऱ्याचा किंचित पुरुषी गुण असतो, म्हणजे केसांसाठी घेतलेली गोळी केसांच्याच विरुद्ध जाऊ शकते. ती घेणाऱ्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. विचारायला डॉक्टर कोठे होता, हा प्रश्न आधी यावा.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने संप्रेरक उपचारांची सोय करणे हे सरकारचे काम ठरवले. २०२१ मध्ये हैदराबादेत आणि पाठोपाठ कल्याण व पुण्यात ‘मित्र’ नावाची केंद्रे अमेरिकी मदतीवर उघडली, आणि संप्रेरकांविषयी मोकळेपणाने विचारण्याची जागा झाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची मदत थांबली आणि ही केंद्रे बंद पडली. दाढी पुरती भरायला लागतात तेवढी वर्षेही कल्याणचे केंद्र चालले नाही.