व्हिडिओ खेळांची मूल्यपरतफेड

आंतरजालावरून विकत घेतलेल्या व्हिडिओ खेळाची किंमत ग्राहकास परत देण्याची व्यवस्था. तबकडीवरील खेळ सदोष निघाल्यास तो दुकानदारास परत करता येई. संगणकावर थेट उतरवून घेतलेल्या खेळात परत करण्याजोगी मूर्त वस्तूच नसते. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टीम’ या विक्रीव्यवस्थेत प्रारंभी पैसे परत न देण्याचाच सर्वसाधारण नियम होता. यूरोपीय संघाने २०११ च्या निदेशाने दूरस्थ खरेदी १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क दिला. तथापि ग्राहकाच्या संमतीने खेळ उतरविण्यास आरंभ होताच तो संपुष्टात येतो.

ऑस्ट्रेलियात २०११ पासून अंमलात आलेल्या ग्राहक कायद्याने ‘माल’ या संज्ञेत संगणकीय आज्ञावलीचाही अंतर्भाव केला. त्याआधारे तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये व्हॉल्व्हविरुद्ध दावा दाखल केला. आपण माल पुरवीत नाही व ऑस्ट्रेलियात व्यवसायही करीत नाही, हा कंपनीचा बचाव संघीय न्यायालयाने २०१६ मध्ये अमान्य करून ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. २०१७ मध्ये अपीलही फेटाळले गेले. दरम्यान, जून २०१५ मध्ये कंपनीने खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी वेळ खेळलेल्या खेळाची किंमत कोणत्याही कारणास्तव परत देण्याचे धोरण स्वीकारले. मात्र २ तासांच्या आत संपणारा लहान खेळ पूर्ण खेळूनही परत करता येत असल्याने त्याच्या निर्मात्यास तोटा संभवतो. उलटपक्षी सदोष मालाबाबतचा कायदेशीर हक्क अशा कालमर्यादेने हिरावला जात नाही.