वेढा, चमचा आणि मिलिलिटर

आज मीरा-भाईंदरमध्ये बोलतोय, तर लढायांचा इतिहास बाजूला ठेवू आणि घरातल्या फडताळाचा बघू. लेकराला ताप आला की औषध किती द्यायचं, हे घरात कोणाला ठाऊक असायचं?

आजीला. बाळगुटी आठवून बघा. सहाणेवर आईचं दूध घ्यायचं आणि एकेक मुळी उगाळायची. माप होतं वेढ्यांचं. वेखंडाचा एक वेढा, मुरडशेंगेचे दोन, ताप असला तर अतिविषाचा थोडा जास्त. जायफळ मात्र जपून, कारण जास्त झालं की मूल गुंगतं. ती गुटी किती गुणाची, हा वाद आम्ही आज घालत नाही. गोष्ट मापाची आहे. ते माप आजीच्या मनगटात होतं, आणि मूल तिच्या मांडीवर होतं.

पुढे मुंबईत गिरण्या आल्या. आई पाळीला गेली, आजी गावी राहिली. मग आली बाळागोळी, म्हणजे अफू. 1920 च्या दशकात डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी गिरणीतल्या बायांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्यांच्याच तान्ह्यांना अफू मिळत होती. त्या आयांना नावं ठेवणं सोपं आहे. आम्ही ठेवत नाही. दहा तास यंत्रापुढे उभं राहायचं, तर मूल झोपलेलं हवं. पण विकत आणलेल्या गोळीत अफू किती, हे आईला दिसत नव्हतं. माप घराबाहेर गेलं, ते तेव्हा.

पॅरासिटामॉल तसं जुनंच. फोन मेरिंग यांनी ते 1893 मध्ये वापरून पाहिलं, मग पन्नासेक वर्षं कोणी फारसं विचारलं नाही. 1955 मध्ये अमेरिकेत ते मुलांसाठी गोड पातळ औषध म्हणून आलं. ॲस्पिरिन मुलांच्या तापात मागे पडलं ते राय सिंड्रोममुळे. निमेसुलाइड तर आपल्याकडे कितीतरी मुलांनी घेतलं. 2011 मध्ये बारा वर्षांखालच्यांना ते बंद झालं. जुन्या चिठ्ठीवर दिसलं तर परत आणू नका.

आता तुमच्या शहरात या. मिठागरांच्या गावात इमारती उभ्या राहिल्या, नगरपालिकेची 2002 मध्ये महानगरपालिका झाली. दोन खोल्यांत दोघंच नवरा-बायको, सासू रत्नागिरीला. रात्री दोन वाजता पोर तापानं फणफणलंय आणि फ्रिजवर दोन बाटल्या. एक ड्रॉप्सची, मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम. दुसरी सिरपची, पाच मिलिलिटरला 120. शिवाय 250 चंही सिरप मिळतं. नाव एकच, रंगही सारखाच!

हिशोब करूया. किलोला 15 मिलिग्रॅम धरा. आठ किलोच्या बाळाला 120 लागतात. सिरप 120 चं असेल तर पाच मिलिलिटर. ड्रॉप्स असतील तर सव्वाच्याही थोडं आत. चुकून ड्रॉप्सच पाच मिलिलिटर दिले, तर पोटात गेले 500, चौपटीहून जास्त. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृत बिघडतं, आणि पहिल्या दिवशी मूल बरं दिसतं, हा त्यातला दगा. तेव्हा वाट बघू नका, बाटली घेऊन दवाखाना गाठा.

स्वयंपाकघरातला चमचा नको; घराघरात तो वेगळा असतो. बाटलीबरोबरचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. दोन डोसांत निदान चार तास, दिवसाकाठी चारच डोस. सर्दीच्या मिश्र औषधातही पॅरासिटामॉल असतं, ते धरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप घरी हाताळायचा नाही.

आणि माप अचूक असूनही घात होतो. 2025 मध्ये छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या इस्पितळांत आली, मूत्रपिंडं निकामी झालेली. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. वीसहून जास्त मुलं गेली. तिथे आईबापांची चूक नव्हती. म्हणून लहानग्याला खोकल्याचं औषध मनानं देऊच नका, आणि ताप-औषधाचं रिकामं खोकंही मूल बरं होईपर्यंत फेकू नका. बॅच नंबर त्यावर असतो.

मगाशी एका ताईंनी विचारलं, रात्री वजन कुठे आठवतं? आमच्या घरी बाटलीला पांढरी पट्टी चिकटवलेली असते. त्यावर पेनानं तीन गोष्टी: मुलाचं वजन, किती मिलिलिटर, आणि शेवटचा डोस किती वाजता दिला.